मापं गोऱ्या मुलांची नाहीत
पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर सारखा फिरतो: ‘आपली मुलं जात्याच चणीने लहान. गोऱ्या मुलांची मापं लावून अंगणवाडीत त्यांना कुपोषित ठरवतात. पोर खेळतंय ना, मग काळजी नको.’ तिन्ही विधानं चुकीची आहेत. तिसरं तर जिवावर बेतणारं.

‘गोऱ्या मुलांची मापं’. अंगणवाडीत वापरतात ते जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे वाढीचे तक्ते भारत, ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या मुलांवरून बनले. आपली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. अट एवढीच, की बाळ आईच्या दुधावर वाढलेलं असावं, आई धूम्रपान न करणारी आणि घरची स्थिती वाढीला पोषक असावी. अशा मुलांच्या लांबीतल्या एकूण फरकापैकी देशामुळे पडलेला फरक जेमतेम ३ टक्के निघाला.

‘जात्याच लहान’. इथे मोठा गैरसमज आहे. सॅम, म्हणजे तीव्र कुपोषण, ठरवताना वयाप्रमाणे उंची बघतच नाहीत. उंचीच्या मानाने वजन बघतात. बुटक्या मुलाची तुलना त्याच्याच उंचीच्या मुलांशी होते. ७५ सेंटीमीटर लांबीच्या मुलग्याचं मध्यम वजन साडेनऊ किलो, ७.६ च्या खाली गेला की सॅम. आईबाप ठेंगणे असतील तर तो ७५ सेंटीमीटर उशिरा गाठेल, पण अंगावर मांस नसण्याचा दोष त्यांच्या उंचीवर टाकता येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने कमी वजनाची होती. याला चण कसं म्हणायचं?

माप घेताना चूक होते, हे मात्र खरं. दोन वर्षांखालच्या बाळाला आडवं झोपवून मोजायचं, त्यापुढच्याला उभं करून. एकाच मुलाच्या या दोन मापांत सुमारे ०.७ सेंटीमीटरचा फरक पडतो आणि तेवढ्याने श्रेणी बदलू शकते. शंका आली तर सेविकाताईंना पुन्हा मोजायला सांगा, त्यात संकोच नको. दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली असेल तर सहा महिने ते पाच वर्षांचं मूल सॅम. पण दंड ठीक आला म्हणून वजन-उंची टाळू नका. दोन्ही मापांत सापडणारी मुलं बरेचदा वेगवेगळी असतात.

‘पोर खेळतंय ना’. सॅम मुलं सुरुवातीला खेळतातही. काही तर गुटगुटीत दिसतात, कारण अंगावर सूज असते आणि तिच्यामुळे वजनही भरतं. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबा. खड्डा राहिला तर वजनकाटा काहीही सांगो, बाळाला त्याच दिवशी दवाखान्यात न्या.