मेमंद 'मेलेलं गाव' आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं की इराणमधल्या मेमंदवर मी उगाच एवढं लिहिलं, जनगणनेत तिथे नावापुरती माणसं उरलीत, म्हणजे ते गाव नसून टुरिस्टांसाठी राखलेलं म्युझियम आहे, आणि तिथली ग्रामपरिषद वगैरे सगळा सरकारी देखावा. मला दोन्ही गोष्टी पटत नाहीत, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी लोकसंख्या. मेमंद करमान प्रांतात, शहर-ए-बाबकजवळ. मऊ खडकात कोरलेल्या घरांसाठी ते प्रसिद्ध आहे, २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, आणि फोटोत फक्त तीच घरं दिसतात. पण लोक तिथे राहतात ते हिवाळ्यात! हिवाळा सरता सरता शेळ्यामेंढ्या घेऊन 'सर-ए-आघोल' नावाच्या तात्पुरत्या वस्तीला जातात, उन्हाळा आणि शरदाची सुरुवात 'सर-ए-बाग'मध्ये, बागांपाशी काढतात आणि थंडी पडली की परत खाली. म्हणजे एकच गाव वर्षभरात तीन जागी नांदतं. आणि इराणची जनगणना होते ती शरदात, २०१६ ची सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर अशी चालली. अशा गावाला नकाशावरचा एक ठिपका समजून त्यापुढचा आकडा वाचला तर काय कळणार?

गावं रिकामी होतायत हे मात्र खरंच आहे, ते मी कुठेच नाकारलं नाही. १९५६ ला इराणचे जवळपास ७० टक्के लोक खेड्यात होते, २०१६ ला जेमतेम २६ टक्के. पण कमी होणं वेगळं आणि संपणं वेगळं.

आणि गावाची खरी मोजदाद बघायची तर 'खाने-ये-बेहदाश्त' बघा, म्हणजे गावचं आरोग्यघर. तिथला 'बेहवर्ज', म्हणजे आरोग्यसेवक, शक्यतो त्याच पंचक्रोशीतला, दोनेक वर्षं ट्रेनिंग घेतलेला, आणि आरोग्यघराच्या भिंतीवर 'जीज-ए-हयाती' नावाचा गोल तक्ता असतो, ज्यात कुठल्या महिन्यात किती मुलं जन्मली, कोण कशाने गेलं, बाळंतपण कुठे झालं हे सगळं वर्षभर भरत जातात. ही पद्धत १९८० च्या दशकापासून चालू आहे. मला तर हे फार मोठं काम वाटतं, कारण दर पाच-दहा वर्षांनी येणाऱ्या गणकापेक्षा हा माणूस गावातल्या प्रत्येक घराला ओळखून असतो.

आता कारभार. ओस्तान (प्रांत), शहरेस्तान (जिल्ह्यासारखा), बख्श (तालुक्यासारखा), देहेस्तान (काही गावांचा गट) आणि शेवटी गाव अशी उतरंड, आणि बख्शदारापर्यंतचे, म्हणजे बख्शच्या प्रमुखापर्यंतचे, सगळे अधिकारी वरून नेमलेले, इथपर्यंत तुमचा मुद्दा बरोबर आहे. पण गावची 'शूरा', म्हणजे ग्रामपरिषद, लोक मतदानाने निवडतात, पहिली निवडणूक १९९९ ला झाली, दीड हजारापर्यंत वस्ती असेल तर तीन सभासद, त्यावर पाच. उमेदवारांची छाननी होते, हो, होते. तरी हीच शूरा देहयार, म्हणजे गावचा कारभारी, निवडते, बख्शदार त्याचा नेमणुकीचा हुकूम काढतो, आणि कचरा, गल्ल्या, दफनभूमी, बांधकामाची परवानगी असल्या रोजच्या गोष्टी देहयारकडे येतात. आपल्या सरपंचासारखा तो थेट मतांवर निवडून येत नाही, पण शूराने काढला तर जातो. यापूर्वी कदखुदा, म्हणजे गावचा मुखिया, असायचा, तो जमीनदाराच्या मर्जीतला, १९६२ च्या जमीनसुधारणेने जमीनदारच गेला आणि मग गावात कारभारी कोण हा प्रश्न कितीतरी वर्षं तसाच लोंबकळत राहिला. ते बघता गावाने स्वतः माणूस निवडणं हा देखावा कसा म्हणायचा?

उलट मला काळजी वाटते ती वेगळीच. शूरा मिळायला गावात किमान २० कुटुंबं लागतात. त्याखाली गेलं की परिषद नाही, अगदी दोनचार घरं राहिली तर प्रायव्हसीसाठी जनगणनेत आकडासुद्धा छापत नाहीत. तुम्ही ज्याला 'मेलेलं' म्हणता तिथे बरेचदा म्हाताराम्हातारी, थोड्या शेळ्या आणि डाळिंबाची बाग असते, फक्त त्यांच्या वतीने बख्शदाराच्या ऑफिसात जाणारा कोणी उरत नाही.

तुमच्याकडचा आकडा कुठल्या वर्षाच्या जनगणनेतला आहे तेवढं कळवा. २००६ चा असेल आणि २०१६ चा मिळाला तर दोन्ही शेजारी ठेवून बोलू, मला खरंच बघायचंय.