उरलेल्या अर्ध्याचे किती?

"लेखक स्वतः स्टॉलवर बसला की पुस्तकं जातात," असं आमचे प्रकाशक म्हणाले. कुठे जातात ते म्हणाले नाहीत. म्हणून परवाच्या रविवारी मी बसले. प्रदर्शन एका मंगल कार्यालयाच्या खालच्या हॉलमध्ये आणि वरच्या हॉलमध्ये लग्न. खाली जी गर्दी दिसत होती, तिच्यातल्या निम्म्यांच्या डोक्यावर फेटे होते आणि त्यांना हात धुवायची जागा हवी होती. मी ती दाखवत होते. दुपारपर्यंत मला त्यात चांगलीच गती आली.

कादंबरी पुरी कशी करावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. रोज एक पान लिहा, पहाटे उठा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवला, त्यामुळे दर पाच मिनिटांनी दुसऱ्या खोलीत जायची सवय लागली. तरी कादंबरी झाली. होते ती. एकदा पात्रांचं आपसात वाजलं की ती आपली आपण शेवटाला जातात, लेखकानं फक्त मधे मधे चहा करायला उठायचं नसतं. खरं लचांड पुढे आहे. पुस्तक छापलं की ते खपवायचं कसं, हे मला विचाराल तर दोनच गोष्टी खात्रीनं सांगता येतील. एक, आयएसबीएन, म्हणजे प्रत्येक पुस्तकाचा तो लांबलचक ओळख क्रमांक, आपल्याकडे फुकट मिळतो, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. दोन, 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना प्रकाशकानं पदरमोड करून पाठवायची असते. म्हणजे चार प्रती कायद्यानं फुकट जातात. बाकीच्या कायद्याशिवाय.

तर फेटेवाले काका.

"बसू का जरा? वर अजून पहिलीच पंगत उठायचीय."

"बसा ना."

स्टॉलवर खुर्च्या दोनच. दुसरी प्रकाशकांच्या मुलाची, तो वडापाव आणायला गेला होता आणि बहुतेक बटाटे पेरून येणार होता. काका बसले. केसांत अक्षता, अंगात मोतिया रंगाचा झब्बा, त्याला अत्तराचा असा घमघमाट की शेजारच्या स्टॉलवरचे अध्यात्मवाले दोनदा मान वर करून बघून गेले. काकांनी माझं पुस्तक उचललं. आधी मलपृष्ठ वाचलं. मग माझ्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा फोटोकडे. "जुना आहे का?" म्हणाले. मग खिशातून चष्मा काढला.

चष्मा निघाला की गिऱ्हाईक पक्कं, असं आपल्याला वाटतं. मलाही वाटलं. काका ओठ हलवत वाचू लागले. मी उगाच दुसरीकडे बघत, पण कान आणि अर्धा डोळा तिकडे. एका जागी ते खुदकन हसले. मी मान तिरकी करून पान पाहिलं, तर आत्याच्या तेराव्याचा प्रसंग. काही बोलले नाही. हसतायत ना, हसू द्या.

तेवढ्यात जिन्यावरून हाक आली, "चला, पानं वाढली!" काका उठले आणि त्यांनी शांतपणे पान मुडपलं. न विकलेल्या पुस्तकाचं. चांगलं त्रिकोणी, वर अंगठा दाबून.

"अहो काका!"

"राहू दे. आलोच जेवून. कुणाला देऊ नका हं."

पाऊण तासानं विडा चघळत आले. "नेलं नाही ना कुणी?"

"नाही."

"वाटलंच होतं." आणि खुणेचं पान उघडून वाचायला लागले. आता माझं सगळं लक्ष त्या विड्याकडे. मुखपृष्ठ पांढरं असावं हा माझाच हट्ट होता.

हे सगळं चाललं असताना मला आपले पूर्वज आठवत होते. 1878 च्या मे महिन्यात रानडे आणि लोकहितवादींनी पुण्याला हिराबागेत मराठी ग्रंथकारांना एकत्र जमवलं. साहित्य संमेलनाची सुरुवात ती. मला नेहमी प्रश्न पडतो की सगळेच ग्रंथकार जमले तर पुस्तक घेणार कोण? तो प्रश्न अजून तसाच आहे, फक्त मांडव मोठा झाला. तुकोबांच्या वह्या निदान इंद्रायणीनं परत दिल्या, त्याची गाथा झाली. आमची पुस्तकं वितरक परत देतो, वर वाहतूक खर्च लावतो. पूर्वी हजाराची आवृत्ती निघायची म्हणे. आता 300 प्रती काढतात आणि प्रकाशक असा चेहरा करतात की जणू मुलीच्या लग्नाचं कर्ज काढलंय.

आणि आपली माणसं! माझ्या भाचीनं घरी केक करायला सुरुवात केली, तर सगळ्या नातेवाइकांनी रोख पैसे मोजून केक नेले, फसलेलेसुद्धा. माझ्या पुस्तकाला मात्र "आमची प्रत बाजूला ठेव हं." ठेवते. कपाटात एक अख्खा कप्पा आहे, बाजूला ठेवलेल्या प्रतींचा. न्यायला कुणी येत नाही, विकत तर नाहीच, आणि मी घेऊन गेले तर "सही करून दे" म्हणतात आणि टीपॉयवर ठेवतात, त्यावर चहाचा कप ठेवतात. यात विनोद करण्यासारखं खरं तर काही नाही. माणूस चार-पाच वर्षं एका गोष्टीशी झटतो आणि तुम्ही त्याला एका पिझ्झ्याचे पैसे देत नाही. असो. काका चष्मा काढत होते.

"मला विचाराल तर मधे ढेपाळतं. ती वाटणी फार लांबलीय. आणि वाड्याला सातबारा नसतो ताई, मिळकतपत्रिका असते. आमच्याकडे सगळं झालंय हे."

"काका, ती वाटणी शेताची आहे."

"मग वाड्याची का नाही?"

"ती पुढे आहे."

"पुढचं वाचायला वेळ पाहिजे ना." मग जरा जवळ सरकून म्हणाले, "जाहिरात करा. माझा पुतण्या मिसळीचे रील टाकतो, तीन लाख लोक बघतात. तुम्ही पुस्तकाशेजारी मिसळ ठेवा."

"आणि?"

"आणि काय? मिसळ बघताना पुस्तक दिसेल." थोडा वेळ दोघंही गप्प. "बरं, अर्धं तर माझं वाचून झालंय. उरलेल्या अर्ध्याचे किती?"

मला वाटलं चेष्टा करतायत. चेहरा पाहिला, तर माणूस हिशेबात होता. छापील किंमत 300, प्रदर्शनाची वीस टक्के सूट वजा जाता 240, त्याचे अर्धे 120. मी तोंड उघडणार तोच काकू जिना उतरून आल्या. "अहो, पाकीट दिलंत का?" काकांनी झब्ब्याचे दोन्ही खिसे चाचपले. पाकीट घरी, देवासमोर राहिलं होतं. मग त्यांची नजर सावकाश माझ्या पुस्तकांवर आली. माझी विक्री अशी झाली.

"मुडपलेलं नको, कोरं द्या," काका म्हणाले. "आणि आत लिहून द्या. चि. आणि चि. सौ. कां. यांना शुभाशीर्वाद, समस्त परिवाराकडून." मी माझ्या पुस्तकावर माझ्या पेनानं त्यांच्या परिवाराचे आशीर्वाद लिहिले. सवयीनं खाली सही करायला गेले, तर काकूंनी हातच धरला. "तुमचं नाव नको हं. त्यांना वाटेल तुम्हीच दिलंत."

"आता पुस्तक तर तिकडे चाललं," काका म्हणाले, "निदान शेवट सांगा. तो परत येतो का?"

येतो. शेवटच्या प्रकरणात, पावसात, चांगला सात पानं येतो. "नाही," मी म्हणाले, "मुंबईतच दुसरं लग्न करतो."

"अरेरे. शुभकार्यात हे बरं नाही." मग स्वतःच सावरले. "पण ती दोघं कुठे वाचत बसणार आहेत!"

पैसे देताना पुन्हा अडले. 240 हा आहेराचा आकडा नव्हे, वर रुपया हवा. काकांनी फोनवरून 241 पाठवले आणि टेबलावरच्या डब्यानं ते सबंध हॉलला मोठ्यानं सांगितलं. मुडपलेली प्रत प्रकाशकांच्या मुलानं, अखेर वडापाव घेऊन आल्यावर, लेखकाच्या नावे टाकली. माझं मानधन दहा टक्के, तेही मार्चनंतर. आणि तो वरचा रुपया प्रकाशकांच्याच खात्यात गेला. करारात त्याबद्दल कलम नाही, मी रात्री काढून पाहिला.