भरीत काही बाटलीत बसत नाही

हिवाळ्यात जळगावात टमाटे इतके स्वस्त होतात की भाजीवाला पिशवीत वरून चार फुकट टाकतो, आणि तिथंच घात होतो. मी ठरवलं, घरीच कॅनिंग करायचं, म्हणजे टमाटे बाटलीत हवाबंद करून टिकवायचे. जास्त नाही, अर्ध्या लिटरच्या मोजक्या बाटल्या.

टमाट्याचा आंबटपणा काठावरचा असतो, म्हणून प्रत्येक बाटलीत एक टेबलस्पून लिंबाचा रस घालायचा, आणि तोही विकतच्या बाटलीतला, कारण त्याची आंबटाई ठरलेली असते. सासूबाईंनी ती बाटली पाहिली. "घरमा निंबू शेतस ना वं!" यावर माझ्याकडे पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, नावाचं उत्तर होतं पण ते सासूबाईंना द्यायची हिंमत कोणाच्या बापाची!

गरम गर भरला, वर अर्धा इंच जागा सोडली, झाकणं लावली आणि बाटल्या पाण्यात पूर्ण बुडवून 35 मिनिटं खळाखळा उकळल्या. हजार फुटांच्या वर राहणाऱ्यांना वेळ वाढवावा लागतो, आपलं जळगाव जेमतेम सातशे. बाटल्या गार होताना झाकणं आत ओढली जातात आणि टक् वाजतं. पहिलं टक् झालं तशा सासूबाई म्हणाल्या, पाल बोलली. दुसऱ्याला त्यांनी भिंतीवर झाडू मारला.

तेवढ्यात गल्लीत बातमी गेली. मग काय, जो तो भरीत घेऊन हजर. पुण्याच्या पोराला पाठवायचंय, बामणोदची वांगी आहेत, कपाशीच्या काड्यांवर भाजलीत, तेवढं बाटलीत भरून दे. आता यांना कसं सांगू की वांगं, लसूण, शेंगदाणे, तेल यात आंबट काहीच नाही, आणि बोटुलिझम नावाच्या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला असंच बिनआंबट, बिनहवेचं घर लागतं. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत, 116 डिग्रीच्या वर जावं लागतं, त्याला वेगळा प्रेशर कॅनर लागतो, आणि विष झालं तरी वास येईलच असं नाही. शेजारच्या काकू सगळं शांतपणे ऐकून म्हणाल्या, "मग कुकरला दोन शिट्ट्या जास्त दे."

म्हणजे सगळ्या खान्देशाला जे बाटलीत हवं तेच भरता येत नाही, आणि जे भरलं त्या टमाट्याला कुत्रं विचारत नाही.

शेवटी काकूंनी स्टीलच्या डब्यात भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या बांधून पोराला गाडीत बसवलं. मनमाडच्या आत डबा रिकामा. माझी एक बाटलीही दिली होती सोबत, ती तो बर्थखाली विसरला.