नोटीस निघाली म्हणजे जेल दोषी ठरलं नाही

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात तो असा: 'कैद्याने जेलमधून एक चिठ्ठी टाकली आणि हायकोर्टाने जेलला नोटीस ठोकली. म्हणजे जेलवाले दोषी ठरले. आता आपल्या टॅक्सवर त्याला फुकट वकील, वर लाखोंची भरपाई. शिक्षा झालेल्याला हक्क कसले? अमेरिकेत असले लाड चालत नाहीत.' मी मध्य प्रदेश हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात वकिली करतो आणि जेलमधल्यांची प्रकरणंही चालवतो, तेव्हा मला तटस्थ समजू नका. पण पुढे जे लिहितोय ते कोणाच्या बाजूवर अवलंबून नाही.

आधी नोटिशीचं. याचिका रजिस्ट्रीत, म्हणजे कोर्टाच्या कार्यालयात, गेली की तिच्यातल्या उणिवा, म्हणजे आमच्या बोलण्यातले डिफॉल्ट, काढले जातात. वकालतनाम्यावरची सही जेलने साक्षांकित केलेली नाही, शपथपत्र अपुरं आहे, वगैरे. ते सगळं निस्तरलं की प्रकरण मोशन हिअरिंगला, म्हणजे प्राथमिक सुनावणीला लागतं. त्या पेशीला, म्हणजे तारखेला, प्रश्न साधारण दोनच असतात. कैद्याचं म्हणणं खरं धरलं, तरी त्यात हायकोर्टाने हात घालावा असं काही आहे का? आणि अधीक्षकांकडे किंवा जेलची पाहणी करायला येणाऱ्या जिल्हा न्यायाधीशांकडे त्याने आधी दाद मागितली होती का? पुष्कळदा मामला तिथेच मिटतो. अर्जदाराने अधीक्षकांना अभ्यावेदन, म्हणजे लेखी निवेदन, द्यावं, त्यांनी ठरावीक मुदतीत त्यावर निर्णय घ्यावा, आणि याचिका निकाली. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही.

नोटीस ही याच्या पुढची पायरी. तिचा अर्थ इतकाच की शासनाने उत्तर द्यावं. या उत्तराला आमच्याकडे रिटर्न म्हणतात. रिटर्न येईपर्यंत जेलची बाजू कोर्टाने नीट ऐकलेलीच नसते. मग दोषी ठरवलं कोणी?

खरी झटापट रिटर्ननंतर सुरू होते, आणि मेसेज लिहिणाऱ्याला तिची कल्पनाही दिसत नाही. कैदी म्हणतो, ताप असताना डॉक्टरकडे नेलं नाही. जेल म्हणतं, दवाखान्याच्या रजिस्टरात औषध दिल्याची नोंद आहे. रजिस्टर जेलच्या कपाटात, गेटबुक जेलचं, कॅमेऱ्याचं फुटेज जेलचं. कैद्याकडे काय, तर त्याचं शपथपत्र आणि शेजारच्या बॅरकमधला एखादा साक्षीदार, ज्याला रात्री त्याच जेलमध्ये झोपायचंय. शिवाय रिट याचिकेत, म्हणजे हक्कांसाठी थेट हायकोर्टात केलेल्या अशा याचिकेत, सहसा साक्षीपुरावे नोंदवत नाहीत, तथ्यांचा वाद असेल तर कोर्ट हात आखडता घेतं. म्हणून सुरुवातीच्या पेशीलाच रेकॉर्ड जपून ठेवा, इंदूरच्या सरकारी एम. वाय. हॉस्पिटलच्या डॉक्टरांकडून तपासणी करवून अहवाल द्या, अशी मागणी करावी लागते. कोर्टाने ती मान्य केली तरी ती चौकशी असते, शिक्षा नव्हे.

'एक चिठ्ठी टाकली की झालं' हेही अर्धवट. चिठ्ठीची परंपरा खरी आहे. तिहारमधल्या सुनील बत्रा या कैद्याने सुप्रीम कोर्टाच्या एका न्यायमूर्तींना पत्र लिहिलं, की एका हेड वॉर्डरने दुसऱ्या कैद्याचा पैशांसाठी छळ केला. पत्राची याचिका झाली. पण कोर्टाने पत्रावर डोळे मिटून विश्वास टाकला नाही. वाय. एस. चितळे आणि मुकुल मुद्गल या वकिलांना न्यायमित्र, म्हणजे कोर्टाला मदत करणारे वकील, नेमून जेलमध्ये जायला, त्या कैद्याला भेटायला, कागद तपासायला सांगितलं. निकाल आला तो डिसेंबर १९७९ मध्ये, हे सगळं झाल्यावर. दुसरी गाजलेली चिठ्ठी तर कैद्याची नव्हतीच. २०१३ मध्ये ती लिहिली आपल्या गुण्याचे रमेशचंद्र लाहोटी यांनी, जे देशाचे सरन्यायाधीश राहिले होते. १३८२ जेलांतली गर्दी, अनैसर्गिक मृत्यू, कर्मचाऱ्यांची टंचाई आणि आहेत त्यांचं अपुरं प्रशिक्षण, असे चार मुद्दे त्यात होते. त्यावरचा महत्त्वाचा निकाल २०१६ चा. पहिल्या कागदापासून तिथवर पोचायला माजी सरन्यायाधीशांच्या पत्रालाही एवढा वेळ लागला.

आता 'शिक्षा झालेल्याला हक्क कसले'. एक तर जेलमधल्या बहुतेकांना शिक्षा झालेलीच नसते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकड्यांनुसार देशातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ जण विचाराधीन, म्हणजे खटला अजून निकाली न लागलेले होते, म्हणजे दर चारांत तीन. जेलं क्षमतेच्या १३१ टक्के भरलेली. हे लोक उद्या निर्दोष सुटू शकतात, आणि तोपर्यंत त्याच गर्दीत आहेत.

आणि ज्यांना शिक्षा झाली त्यांचं? १९७४ मध्ये आंध्रच्या भुवन मोहन पटनायक प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की केवळ दोषी ठरल्याने माणसाचे सगळे मूलभूत हक्क गळून पडत नाहीत. फिरण्याचं स्वातंत्र्य जातं. जेवण, उपचार, मारहाणीपासून संरक्षण हे राहतं. मला स्वतःला याहून आवडतं ते प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांचं प्रकरण. मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध, म्हणजे शिक्षा न होताच डांबलेले, असताना त्यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं. हस्तलिखित छापायला बाहेर पाठवू द्या म्हणाले, तर महाराष्ट्र सरकार नाही म्हणालं! सरकार हायकोर्टात हरलं, अपिलात सुप्रीम कोर्टातही हरलं. स्थानबद्धतेच्या अटींत जे निर्बंध लिहिलेलेच नाहीत ते तुरुंगवाल्यांनी मनाने लादायचे नाहीत, हा त्याचा मथितार्थ. अणूच्या पुस्तकाने राज्याच्या सुरक्षेला कसला धोका होता हे मला आजवर कळलेलं नाही.

फुकट वकील मिळतो, हे मात्र मेसेजमध्ये बरोबर आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या कोणालाही, उत्पन्न न पाहता, मोफत कायदेशीर मदत मागता येते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९-अ चाच तो विस्तार आहे. यात लाड काय? कारण उघड आहे: आत असलेला माणूस वकील शोधायला खंडपीठासमोरच्या टपऱ्यांवर येऊ शकत नाही. आणि या कामाचं आम्हाला मिळणारं मानधन पाहिलंत तर टॅक्सची काळजी आपोआप मिटेल.

लाखोंच्या भरपाईचं थोडक्यात. बिहारचा रुदुल साह १९६८ मध्ये निर्दोष ठरला आणि जेलमधून बाहेर आला १९८२ मध्ये. सुप्रीम कोर्टाने १९८३ मध्ये त्याला देवविले एकूण ३५,००० रुपये, तेही अंतरिम. भरपाईचा दरवाजा या प्रकरणाने उघडला खरा, पण मोशन हिअरिंगला चेक मिळत नाही.

राहिली अमेरिका. तिथे कैदी १८७१ च्या नागरी हक्क कायद्याखाली तुरुंगाच्या अधिकाऱ्यांवर दिवाणी दावा लावतात, आणि हाताने लिहिलेल्या अर्जांचा ढीग फेडरल कोर्टांत कायम असतो. इथे मेसेजला थोडे गुण द्यावे लागतील, कारण १९९६ च्या कायद्याने तिथली सुरुवात बरीच कडक केली. आधी तुरुंगातल्या तक्रार यंत्रणेच्या सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात. मग समोरच्याला समन्स जाण्याआधीच न्यायाधीश अर्ज चाळतात आणि निरर्थक वाटला तर तिथेच काढून टाकतात. ऐपत नसली तरी ३५० डॉलरची फी माफ होत नाही; महिन्याच्या जमेतून २० टक्क्यांप्रमाणे कापून घेतात. दिवाणी दाव्यात फुकट वकिलाचा हक्कही नाही.

तरी दावे चालतातच. टेक्सासच्या तुरुंगात कापसाची गासडी अंगावर पडून पाठ दुखावलेल्या गॅम्बल नावाच्या कैद्याचा हस्तलिखित अर्ज १९७६ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. कैद्याच्या गंभीर दुखण्याकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं घटनाबाह्य आहे, हे तत्त्व त्यातूनच आलं. फक्त त्याच अर्जात त्याने तीन महिन्यांत आपल्याला १७ वेळा तपासल्याचंही लिहून ठेवलं होतं, त्यामुळे डॉक्टरांविरुद्धचा त्याचा दावा काही टिकला नाही.