आमच्या वेळची फौज: नवनिवृत्तांसाठी चार सूचना

पेन्शनची कागदपत्रं हातात पडली, काळी ट्रंक माळ्यावर चढली आणि गल्लीतली पोरं 'मेजर' म्हणून हाक मारू लागली की तुमची दुसरी नोकरी सुरू झाली असं समजा. (हुद्दा काहीही असो, आमच्याकडे गावात परत येणारा प्रत्येकजण मेजरच असतो. मी हवालदार होतो.) ही नोकरी म्हणजे आठवणी सांगणं. हिला रिटायरमेंट नाही आणि सुट्टीसाठी अर्ज करावा लागत नाही. मात्र पहिल्याच दिवशी पारावर जाऊन तोंड उघडू नका, आधी नियम समजून घ्या.

सगळ्यात आधी तारीख पक्की करा. फौज बिघडली आहे हे तर उघडच आहे. कधीपासून, ते ठामपणे सांगता आलं पाहिजे. हिशोब सोपा आहे. मी २०११ साली ३१ मे रोजी बाहेर पडलो. १ जूनच्या सकाळच्या पीटीपासून शिस्त ढासळली. आमच्या पारावर एक नायब सुभेदार बसतात, त्यांच्या मते ती १९९६ सालीच ढासळली होती. योगायोगाने ते त्याच साली घरी आले. पलीकडे काठी टेकून बसतात ते अण्णा बासष्टच्या भरतीतले. त्यांच्या लेखी जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल जाऊन हातात आपोआप भरणारी एसएलआर आली तिथंच सगळं संपलं. बोल्ट ओढायचे कष्ट गेले की शिपाई आळशी होतो, असं त्यांचं शास्त्र. मी एसएलआरवर शिकलो, त्यामुळे माझ्या मते आळस तिच्यानंतरच्या इन्सास रायफलीबरोबर आला.

अण्णांचे वडील दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर इटलीत होते. त्यांच्या मते गोरा साहेब गेला त्याच दिवशी फौज बुडाली, कारण त्याच्यासोबत बिस्किटंही गेली. इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात १९४४ च्या जुलैत नाईक यशवंत घाडगे एकट्याने मशीनगनच्या मोर्च्यावर तुटून पडले आणि तिथंच गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हातारा त्या मुलखाबद्दल आयुष्यभर एवढंच सांगत राहिला की तिकडची द्राक्षं फार गोड. याला म्हणतात आठवण. शिकून घ्या.

आमचा जिल्हा सातारा, तेव्हा चढाओढ फार आहे हेही ध्यानात ठेवा. इथं अपशिंगे नावाचं गाव आहे, ज्याच्या नावाआधी लोक 'मिलिटरी' लावतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाची ४६ माणसं कामी आली. अशा मुलखात 'मी कारगिलच्या वेळी नोकरीत होतो' एवढ्यावर कोणी उठून खुर्ची देत नाही. मसाला लागतो.

मसाल्यात अव्वल म्हणजे रगडा, अर्थात ट्रेनिंगमधली शिक्षा. ट्रेनिंगमध्ये ज्या ज्या गोष्टीला तुम्ही शिव्या घातल्या ती प्रत्येक गोष्ट आता डोळे मिटून, हळू आवाजात सांगायची. माझी कॅप एकदा बोटभर तिरकी होती. उस्तादांनी, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्यांनी, मैदानाच्या कडेच्या झाडासमोर उभं केलं आणि हुकूम दिला की झाड सॅल्यूट परत करेपर्यंत सॅल्यूट मारत राहायचं. मे महिना. तासाभरानंतर वारा सुटला, एक फांदी हलली, उस्ताद म्हणाले, "शाबास, दिया जवाब." मग खडीवर फ्रंट रोल, कारण झाडाला एवढा वेळ का लागला. आज हे सांगताना माझा गळा दाटून येतो आणि 'उस्ताद म्हणजे देवमाणूस' या वाक्यावर मी थांबतो. त्या रात्री कोपरं सोललेली, बरॅकमध्ये पालथा पडून त्या देवमाणसाबद्दल आम्ही जे बोललो ते इथं छापता येणार नाही.

वर्दीवर जास्त वेळ घालवू नका. २०२२ च्या सेना दिनाला नवी लढाऊ वर्दी आली. तिला एकदा 'नाईट ड्रेस' म्हटलं की काम झालं. ती हलकी आहे, घाम धरत नाही, हे कबूल करायची गरज नाही. आमची टेरिकॉटची वर्दी कांजीमुळे अंगातून काढली तरी जागेवर उभी राहायची. आतल्या घामोळ्याचा उल्लेख टाळावा.

प्रवासाचं मात्र रंगवून सांगा. जम्मू ते पुणे दोन रात्री, रिझर्व्हेशन नाही, संडासाच्या दारात ट्रंक टाकून तिच्यावर बसलेले तीन जवान, प्रत्येक स्टेशनावर डोक्यावरून जाणारी माणसं. याला 'काय मजा यायची' असं म्हणायचं असतं. आज पोरं तिकीट मोबाईलवर काढतात, म्हणून त्यांना माणसं वाचता येत नाहीत.

तारेचा किस्सा तर हुकमी. सुट्टी नाकारली की घरी पत्र टाकायचं आणि आठवड्याभरात कंपनी ऑफिसात तार हजर: मदर सिरियस, कम सून. २०१३ च्या जुलैत सरकारने तार खातं बंद केलं, तेव्हा देशभरातल्या किती आया एकदम बऱ्या झाल्या असतील! माझी आई अशी तीनदा आजारी पडली. तीनदा, एवढंच सांगून हशा घ्या आणि थांबा. चौथ्या तारेचं कोणी विचारलंच तर लगेच रमचा विषय काढावा.

आता अग्निवीर. आमच्या घरातच एक आहे, माझा पुतण्या. सुट्टीवर आला की त्याला पारावर नेतो, म्हणजे सगळ्यांना सोयीचं पडतं. "चार वर्षं? चार वर्षांत तर आमचे बूट पायाला बसायचे," हे वाक्य पाठ करून ठेवा, माझ्या नावावर खपलं तरी चालेल. मग घरच्यांशी रोज व्हिडिओ कॉल, बरॅकमधला गीझर, सगळं काढा. शंभरातल्या पंचवीसांनाच पुढं ठेवून घेणार आणि उरलेल्यांना पेन्शन नाही, हे मात्र तेव्हा काढू नका. पेन्शन हा विषय आपली वाढवून घ्यायची असेल तेव्हाच बोलायचा. 'वन रँक वन पेन्शन'साठी गळा बसेपर्यंत ओरडलेला माणूस, महिन्याच्या शेवटच्या दिवशी बँकेचा मेसेज बघून, बिनपेन्शनच्या पोराला 'तुम्हाला फार सुखात ठेवलंय रे' असं सांगतो, तेव्हा आवाज कुठंही हलता कामा नये. मी दोनदा सांगितलं. जमतं.

शेवटची सूचना खरं तर पहिली असायला हवी होती: पुरावे ताब्यात घ्या. बायको पत्रं टाकून देत नसते.

गेल्या दिवाळीत ओट्यावर मी पुतण्याला लंगरच्या, म्हणजे फौजेतल्या भटारखान्याच्या, डाळीचं वर्णन करत होतो. तसली डाळ पुन्हा तोंडी लागली नाही, वगैरे. हिने आतून ऐकलं. चहाबरोबर एक निळं इनलँड घेऊन आली, घड्यांवर विरलेलं, पाठीवर ५६ एपीओ हा फौजी टपालाचा पत्ता, १९९१ चं. चष्मा लावून वाचायला लागली. "इथली डाळ ढोरं पण खाणार नाहीत. सुभेदार साहेब रोज संध्याकाळी सांगतात की त्यांच्या वेळची फौज आता राहिली नाही. ऐकून ऐकून कान किटले. सुट्टी परत नामंजूर. आईला आजारी पाड."

पुतण्या चहा सांडेपर्यंत हसला. "मग काकी, पाडलं का आजीला आजारी?"

"पाडलं की. ही दुसरी खेप. तिसऱ्यांदा पण आले होते."

"आणि चौथ्यांदा?"

हिने पत्राची घडी घातली. चौथी तार माझ्या भावाने केली होती, आम्हा दोघांपैकी कोणीही न सांगता. ऑफिसात ती वाचून साहेब हसले आणि म्हणाले, तुझ्या आईला दीर्घायुष्य आहे.

मी पुतण्याला विचारलं, तुमच्याकडे आता रम कुठली मिळते?