‘एका ओळीत बॅकग्राउंड’ हा सल्ला गिऱ्हाइकाला भोवतो

वेबसाइट करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरतो: ‘थीमचं बॅकग्राउंड बदलायचंय? बॉडीला एका ओळीत बॅकग्राउंड द्या, पुढं इम्पॉर्टंट लावा, काम झालं. फोटो असला तर कव्हर लिहा, सगळ्या स्क्रीनवर बरोबर बसतो.’ (थीम म्हणजे साइटचा तयार साचा, बॉडी म्हणजे अख्खं पान. बाकीचे शब्द सीएसएसचे, म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या भाषेचे; त्यात इम्पॉर्टंट म्हणजे ‘हाच नियम वरचढ’ असा शेरा.) कोल्हापुरात दुकानदारांच्या साइट करून मी पोट भरतो. या सल्ल्यानं बिघडलेल्या साइट माझ्याकडं दुरुस्तीला येतात, म्हणून हे लिहितोय.

‘एक ओळ पुरते’ म्हणे. बॅकग्राउंड हा शॉर्टहँड आहे, म्हणजे रंग, चित्र, जागा असं सगळं एकदम लिहायची आखूड रीत. त्यात नुसता रंग लिहिला की आधी लावलेलं चित्र, त्याची जागा, आकार, सगळं पुसलं जातं. रंगच बदलायचा तर बॅकग्राउंड-कलर लिहा.

खरं नुकसान इम्पॉर्टंट करतं. शाहूपुरीतल्या एका गूळ व्यापाऱ्यांच्या साइटवर रंग निवडायची सोय होती. दिवाळीला त्यांनी केशरी निवडला, सेव्ह केला, पान पांढरंच. मला म्हणाले, “चारदा केलं ओ, रंग लागतच नाही.” थीम त्यांचा रंग बॉडीच्या टॅगवर इनलाइन, म्हणजे थेट पानाच्या कोडमध्येच, लिहीत होती. इनलाइन स्टाइल एरवी साध्या नियमाला भारी पडते, पण स्टाइलशीटमधल्या (सीएसएस नियमांच्या यादीतल्या) इम्पॉर्टंटपुढं तिचं काही चालत नाही. म्हणजे मालकाला दिलेली सोय आपणच बंद करून ठेवली! ती इम्पॉर्टंटची ओळ काढून मी रंग ‘--पान-रंग’ या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या बदलत्या किमतीत, ठेवला (सीएसएसमध्ये असं देवनागरी नाव चालतं) आणि काहीच निवडलं नाही तर पांढरा, अशी सोय केली. सेटिंग आता फक्त व्हेरिएबल बदलतं. अक्षरांच्या रंगालाही असंच व्हेरिएबल द्या. पान गडद झालं आणि अक्षरं काळीच राहिली तर वाचणार कोण? साध्या मजकुराला निदान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचं प्रमाण) हवा.

आता कव्हर. ते चौकट पूर्ण भरतं, पण उरलेलं चित्र कापून. एका लॉजच्या साइटवर रंकाळा तलावाचा आडवा फोटो होता, उजव्या बाजूला संध्यामठ ही तलावातली दगडी वास्तू. उभ्या मोबाइलवर नुसतं पाणी दिसायचं. पोझिशन, म्हणजे चित्राची जागा, लिहिली नाही तर चित्र डावीकडं वरच्या कोपऱ्याला धरलं जातं आणि कात्री उजवीकडं लागते. आडवी पोझिशन ८० टक्के केली, संध्यामठ आत आला.

फोटोखाली जुळणारा गडद रंगही द्या. रेंज कमी असली की फोटो उशिरा येतो, आणि तोवर पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरं कुणालाच दिसत नाहीत.