ते आचके होते, श्वास नव्हता

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतले काका सकाळी बॅडमिंटन खेळता खेळता कोसळले. आठ-दहा जण धावलो. कुणी तळपाय चोळले, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, मी तोंडावर पाणी मारलं. ते मधूनच आ वासून हवा ओढायचे, घोरल्यासारखा आवाज यायचा. "श्वास चालू आहे," कुणीतरी म्हणालं आणि आम्ही सगळ्यांनी ते मानलं. १०८ला फोन लावला, पण धीर धरवेना म्हणून रिक्षात घातलं. दवाखाना गाठेपर्यंत वीस मिनिटं गेली. काका गेले.

मग मी सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, शिकून आलो. तिथे कळलं की तो श्वास नव्हताच. हृदय बंद पडल्यावरही काही वेळ माणूस तसे आचके देतो. आपल्या आज्यांना हा शब्द ठाऊक होता, आम्हाला ऐनवेळी आठवला नाही. हाकेला ओ नाही आणि श्वास धड नाही, एवढं दिसलं की छातीच्या मधोमध तळहात रोवून दाबायला घ्यायचं: पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दोन मिनिटांत हात भरून येतात. म्हणून आळीपाळीने दाबायचं. आम्ही तर आठ-दहा जण होतो!

दाबलं असतं तर काका वाचलेच असते, असं मी म्हणणार नाही. पण मेंदूला चार-सहा मिनिटांत इजा व्हायला लागते. छाती दाबली नाही, तर हृदयाला विजेचा शॉक मिळायला उशीर होणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. सगळा खेळ शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा आहे.

१२ जून २०२१ला कोपनहेगनमध्ये भर सामन्यात डेन्मार्कचा फुटबॉलपटू एरिक्सन कोसळला. तिथल्या तिथे छाती दाबली, यंत्राने एक शॉक दिला आणि तो शुद्धीवर आला. त्याच डेन्मार्कमध्ये २००१ साली अशा पाचातल्या जेमतेम एकाला जवळच्या लोकांकडून सीपीआर मिळायचा. शाळांत आणि ड्रायव्हिंग लायसन्ससाठी हे शिक्षण सक्तीचं केलं, शॉकची यंत्रं जागोजागी बसवली. २०१०पर्यंत हे प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास गेलं आणि महिन्यानंतर जिवंत असणारे शंभरात साडेतीनवरून जवळपास अकरा झाले.

यंदा गणपतीच्या वर्गणीतून शॉकचं यंत्र घेऊन लिफ्टजवळ लावू या, असं मी कमिटीला लिहून दिलंय. रविवारी सकाळी आठला त्याच कोर्टवर प्रशिक्षण आहे. काकू येते म्हणाल्यात. वॉचमनदादांनाही बोलावलंय, रात्री-अपरात्री सगळ्यात आधी तेच पोचतात.